शालेय वंशविभाजन, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक, म्हणजे करांच्या उत्पन्नातून चालणाऱ्या मोफत शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळे ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. प्रस्तुत नोंदीत या प्रथेचा उगम, तिला मिळालेले न्यायालयीन संरक्षण, ते काढून घेण्यासाठी झालेला लढा, तसेच कायदा बदलल्यानंतरही टिकून राहिलेली विषमता यांचा परामर्श घेतला आहे. जुन्या मराठी लेखनात या समाजासाठी ‘निग्रो’ हा शब्द सर्रास आढळतो. तो आता त्या समाजाला मान्य नसल्याने येथे ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द योजिला आहे.

हा इतिहास समजण्यासाठी तेथील शाळांच्या व्यवस्थेची एक बाब प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय असून राज्यांनी तो बव्हंशी स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे सोपविला आहे. असे सु. १३,००० जिल्हे देशात आहेत. त्यांतील बहुतेकांचे शालामंडळ निवडून येते आणि त्या हद्दीतील घरे व जमिनी यांवरील कर हा शाळेच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार असतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येते. त्यामुळे गावाच्या शिवेवरून शिक्षकाचा पगार ठरत नाही. अमेरिकेत मात्र शिवेला फार मोठे महत्त्व आहे. कोणत्या रेषेच्या आत मूल राहते यावर त्याची शाळा, शिक्षक, पुस्तके आणि सोबती ठरतात. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाचा प्रश्न दीर्घकाळ दारावरील मज्जावाचा प्रश्न म्हणून लढला गेला. तो मज्जाव उठल्यावर या रेषेचे सामर्थ्य दिसून आले.

गुलामगिरीचा काळ व पुनर्रचना : दक्षिणेकडील मळेवाल्यांना साक्षर गुलाम धोक्याचा वाटे. साउथ कॅरोलायना वसाहतीने १७४० मध्येच गुलामांना लिहावयास शिकविणे दंडनीय ठरविले होते. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० मध्ये गुलामांना वाचन-लेखन शिकविण्यास बंदी केली आणि १८३१ च्या नॅट टर्नरच्या उठावानंतर दक्षिणेतील असे निर्बंध अधिकच कडक झाले. तरीही चोरून शिकणारे होतेच. पुढे थोर वक्ता व गुलामगिरीविरोधी नेता म्हणून गाजलेला फ्रेडरिक डग्लस याला बाल्टिमोर येथील मालकिणीने मुळाक्षरे शिकविली. मालकाने ती शिकवणी बंद पाडली, तेव्हा त्याने रस्त्यावरील गोऱ्या मुलांकडून उरलेले शिक्षण मिळविले.

उत्तरेकडेही चित्र उजळ नव्हते. कनेटिकट राज्यातील कँटरबरी येथे प्रूडेन्स क्रँडल या शिक्षिकेने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा चालविली म्हणून राज्याने १८३३ मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा केला. पुढील वर्षी जमावाच्या हल्ल्यानंतर ती शाळा बंद पडली. बॉस्टनमध्ये सेरा रॉबर्ट्‌स या पाच वर्षांच्या मुलीला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी केलेला दावा मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तथापि चळवळ चालूच राहिली आणि १८५५ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळानेच शाळांतील वंशविभाजन निषिद्ध ठरविले. न्यायालयात हरलेली बाजू विधिमंडळात जिंकली, असे या इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) मुक्त झालेल्या लोकांची शिक्षणाची तहान पाहून तत्कालीन निरीक्षक थक्क झाले. आजोबा व नातू एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवीत. संघराज्य शासनाने स्थापिलेले मुक्तजन कार्यालय, उत्तरेकडील मिशनरी संस्था आणि स्वतः कृष्णवर्णीयांच्या चर्चमंडळ्या यांनी मिळून १८७० पर्यंत चार हजारांवर शाळा उभारल्या. फिस्क (१८६६), हॉवर्ड (१८६७), हँप्टन (१८६८) या उच्च शिक्षणसंस्था याच काळातील होत. दक्षिणेत सर्वांसाठी, सरकारी खर्चाने चालणारी शाळा ही कल्पना रुजली ती पुनर्रचनेच्या काळातील राज्यघटनांमुळे, आणि त्या घटना तयार करण्यात कृष्णवर्णीय प्रतिनिधींचा वाटा मोठा होता. दक्षिणेतील गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही मोफत शाळा मिळाली ती या पूर्वीच्या गुलामांच्या आग्रहामुळे, हे विल्यम ड्यू बॉइस या विद्वानाने १९३५ मध्ये साधार दाखवून दिले. देशातील कृष्णवर्णीय व अन्य गोरेतर लोकांतील निरक्षरतेचे प्रमाण १८७० मध्ये सु. ८० टक्के होते, ते १९१० मध्ये सु. ३० टक्क्यांवर आले. ज्या परिस्थितीत ही प्रगती झाली, ती पाहता जगाच्या शैक्षणिक इतिहासात तिला तोड क्वचितच सापडेल.

या घडामोडींची दखल महाराष्ट्रात लवकर घेतली गेली. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यापूर्वी १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज नामंजूर झाला होता. तेव्हा फुल्यांना हे साम्य पुस्तकातून शोधावे लागले नसणार. कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे करण्यात आलेल्या अर्जाविषयी माहिती मागविली होती.

विभक्त शाळांचे युग : पुनर्रचनेचा काळ १८७७ मध्ये संपला आणि दक्षिणेत गोऱ्यांची सत्ता पुन्हा प्रस्थापित झाली. ‘विभक्त पण समान’ या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात (१८९६) मान्यता दिली. तो खटला आगगाडीच्या डब्याविषयीचा होता. त्यात न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिले, त्यामुळे इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु तीनच वर्षांनी शाळेचा प्रश्न समोर आला तेव्हा काय झाले, याची वाच्यता कमी होते. जॉर्जियातील ऑगस्टा येथील शालामंडळाने कृष्णवर्णीयांचे एकमेव सरकारी हायस्कूल १८९७ मध्ये बंद केले आणि गोऱ्या मुलींचे हायस्कूल मात्र चालू ठेवले. पालकांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयाने १८९९ मध्ये एकमताने फेटाळले आणि ते निकालपत्र याच हार्लन यांनी लिहिले. ‘विभक्त’ या शब्दाची अंमलबजावणी काटेकोरपणे झाली. ‘समान’ या शब्दाची विचारपूस न्यायालयाने पुढील सु. चाळीस वर्षे केली नाही.

या अवधीत दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलाची शाळा बहुधा एका खोलीची, लाकडी, एकच शिक्षिका असलेली असे. कापूस वेचणीच्या हंगामात ती बंद राही, कारण मळेवाल्यांना मजूर हवे असत. गोऱ्या शाळांतून टाकून दिलेली, आधीच्या विद्यार्थ्यांची नावे लिहिलेली पुस्तके तेथे येत. शिक्षिकेचा पगार गोऱ्या शिक्षिकेपेक्षा पुष्कळच कमी असे. पालक कर भरीत, त्या करातून गोऱ्यांची शाळा बांधली जाई आणि स्वतःच्या शाळेसाठी त्यांना पुन्हा वर्गणी काढावी लागे. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी संस्थेचे बुकर वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने १९१२ ते १९३२ या काळात १५ राज्यांत पाच हजारांवर शालेय इमारती उभ्या राहिल्या. या शाळांना रोझेनवाल्ड यांचे नाव मिळाले. मात्र निधीने दिलेली रक्कम सु. ४३ लाख डॉलर होती, तर कृष्णवर्णीय खंडकरी, मोलकरणी व मजूर यांनी जमविलेली सु. ४७ लाख डॉलर. कित्येकांनी पैशाऐवजी जमीन, लाकूड व अंगमेहनत दिली.

या शाळा केवळ दैन्याची स्थाने होत्या, असे मात्र समजू नये. वॉशिंग्टन शहरातील एम स्ट्रीट हायस्कूल, पुढे ज्याला डनबार हे नाव मिळाले, त्यात कार्टर वुडसन यांच्यासारखे इतिहासकार आणि ॲना ज्युलिया कूपर यांच्यासारख्या विदुषी शिकवीत. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद असल्याने विद्वत्ता हायस्कुलात आली होती. वंशविभाजनाविरुद्धच्या कायदेशीर लढ्याचे शिल्पकार चार्ल्‌स ह्यूस्टन हे याच शाळेचे विद्यार्थी. लहान गावांतही शिक्षिका मुलाच्या घरी जात, त्याच्या आईला ओळखत आणि त्याच्याकडून अपेक्षा बाळगीत. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्येच बजावले होते, की कृष्णवर्णीय मुलाला वेगळी शाळा हवी की मिश्र शाळा हवी, हा खरा प्रश्न नव्हे. त्याला शिक्षण हवे, आणि ज्या शाळेत त्याचा तिरस्कार होतो तेथे ते मिळत नाही. हा इशारा तेव्हा अनेकांना रुचला नाही.

ब्राउन खटला : कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने ह्यूस्टन व त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी प्रथम विधिमहाविद्यालये व पदव्युत्तर शिक्षण यांवर रोख धरला. मेरिलंड (१९३६), मिसूरी (१९३८), टेक्सस व ओक्लाहोमा (दोन्ही १९५०) येथील खटल्यांत त्यांना यश आले. मग प्राथमिक व माध्यमिक शाळांकडे मोर्चा वळला. ब्राउन या नावाने प्रसिद्ध असलेल्या निर्णयात कॅन्झस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया व डेलावेअर या चार राज्यांतील खटले एकत्र होते. वॉशिंग्टन शहराच्या पाचव्या खटल्याचा निकाल त्याच दिवशी स्वतंत्रपणे देण्यात आला. यांपैकी दोहोंची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत. गोऱ्यांच्या शाळांसाठी ३० बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीयांसाठी एकही नव्हती. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस विकत घेतली आणि निदान तिचे पेट्रोल तरी मंडळाने द्यावे अशी विनंती केली. तीही नाकारण्यात आली. लीव्हाय पीअर्सन या शेतकऱ्याने लावलेला दावा १९४८ मध्ये निकालात निघाला, तो अशा कारणाने की त्याची जमीन दोन शालेय जिल्ह्यांच्या सीमेवर असून कर एका जिल्ह्यात भरला जात होता व मुले दुसऱ्यात शिकत होती. त्यानंतर जोझेफ डीलेन या धर्मोपदेशक व शिक्षकाच्या नेतृत्वाखाली शंभरावर लोकांनी नव्या अर्जावर सह्या केल्या. अर्जातील पहिले नाव हॅरी ब्रिग्ज याचे. तो पेट्रोलपंपावर कामाला होता. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला कामावरून काढण्यात आले. त्याच्या पत्नीचीही नोकरी गेली. इतरांची उधारी बंद झाली, खंडाच्या जमिनी गेल्या. डीलेन यांचे घर व पुढे चर्च जाळण्यात आले आणि त्यांना राज्य कायमचे सोडावे लागले. एका बससाठी सुरू झालेल्या मागणीची ही किंमत होती.

व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यातील खटला विद्यार्थ्यांनी उभा केला. फार्मव्हिल येथील मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेले होते व त्यात साडेचारशेवर मुले शिकत. जादा मुलांसाठी डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या उभारल्या होत्या. रस्त्याने जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या विद्यार्थिनीने मुख्याध्यापकांना युक्तीने बाहेर पाठवून सभागृहात सर्वांना बोलावले आणि संप पुकारला. मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. संघटनेच्या वकिलांनी सांगितले, की विभक्त शाळा अधिक चांगली करण्यासाठी आम्ही खटला घेणार नाही, विभाजनच रद्द करा अशी मागणी असेल तर घेऊ. मुले व पालक तयार झाले. बार्बराला सुरक्षिततेसाठी ॲलाबॅमात काकांकडे पाठवावे लागले.

सतरा राज्ये व वॉशिंग्टन शहर यांत त्या वेळी शालेय विभाजन सक्तीचे होते, आणखी चार राज्यांत ऐच्छिक होते. १७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी एकमताचा निर्णय वाचून दाखविला. सार्वजनिक शिक्षणात ‘विभक्त पण समान’ या तत्त्वाला स्थान नाही आणि विभक्त शाळा स्वभावतःच असमान असतात, हे त्याचे सार होय. कॅन्झसमधील टोपीका येथील दोन्ही प्रकारच्या शाळांच्या इमारती व शिक्षक साधारण सारख्याच प्रतीचे होते. म्हणून न्यायालयाला केवळ सोयींची तुलना करून थांबता आले नाही. विभाजनाने मुलांच्या मनात न्यूनत्वाची भावना रुजते, या मुद्द्यावर निर्णय उभा राहिला. त्यासाठी केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांचाही आधार घेण्यात आला. निर्णय न्याय्य व दूरगामी होता यात शंका नाही. परंतु या मांडणीत दोष कृष्णवर्णीय मुलाच्या मनात व त्याच्या शाळेत शोधला गेला. त्याला दूर ठेवणाऱ्या गोऱ्या शाळेच्या वृत्तीची चिकित्सा त्यात नव्हती. अंमलबजावणीच्या वेळी याचे परिणाम दिसले.

प्रतिकार : ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निर्णयाने अंमलबजावणीसाठी निश्चित मुदत घातली नाही. शक्य तितक्या त्वरेने, पण सावधपणे, अशा आशयाची लवचिक भाषा वापरली गेली आणि दक्षिणेने तिचा पुरेपूर फायदा घेतला. मार्च १९५६ मध्ये काँग्रेसच्या १०१ सदस्यांनी निर्णयाविरुद्ध जाहीरनामा काढला. आर्कॅन्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ विद्यार्थ्यांना सेंट्रल हायस्कुलात जाऊ देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांना सैन्य पाठवावे लागले. ही घटना सर्वविदित आहे. त्यानंतरचे वर्षभर त्या नऊ जणांनी काय सोसले, हे तितके सर्वविदित नाही. सैनिक व्हरांड्यापर्यंत सोबत असत. वर्गात, स्नानगृहात, जिन्यावरच्या गर्दीत मुले एकटी असत. धक्के, थुंकणे, शिव्या रोजच्या झाल्या. मिनीजीन ब्राउन या मुलीने प्रत्युत्तर दिले म्हणून फेब्रुवारी १९५८ मध्ये तिलाच शाळेतून काढण्यात आले. अर्नेस्ट ग्रीन हा त्यांच्यातील पहिला पदविकाधारक त्या वर्षी मे महिन्यात बाहेर पडला आणि पुढील वर्षी राज्यपालांनी शहरातील हायस्कुलेच बंद ठेवली.

न्यू ऑर्लीन्स येथे १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस संघराज्य पोलिसांच्या पहाऱ्यात पहिलीच्या वर्गात गेली. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर रिकाम्या वर्गात तिला एकटीला शिकविले. रूबीच्या वडिलांची नोकरी गेली.

प्रिन्स एडवर्ड परगण्याने या सर्वांवर कडी केली. एकत्र शाळा चालविण्यापेक्षा शाळाच नकोत, असा निर्णय घेऊन परगण्याने १९५९ मध्ये शाळांसाठी कर बसविणेच थांबविले. गोऱ्यांसाठी खासगी शाळा उघडली आणि तिला काही काळ सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. सु. १,७०० कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच उरले नाही. काहींना नातेवाईकांकडे, काहींना क्वेकर पंथीयांच्या मदतीने दूरच्या राज्यांत पाठविण्यात आले. चर्चच्या तळघरांत तात्पुरते वर्ग भरले. पुष्कळ मुले शेतात कामाला लागली व परत शाळेत आली नाहीत. १९६३-६४ मध्ये देणग्यांतून मोफत शाळा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या आदेशाने सरकारी शाळा पुन्हा उघडल्या. एखाद्या मुलाने १९५९ मध्ये दुसरी पूर्ण केली असेल, तर सरकारी शाळा पुन्हा उघडली तेव्हा तो आठवीच्या वयाचा झाला होता. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००४ मध्ये या पिढीसाठी शिष्यवृत्ती निधी स्थापन केला, तेव्हा लाभार्थी पन्नाशी-साठीत होते. अमेरिकेच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने असलेला सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा २०२० मध्ये हलविण्यात आला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड झाली.

एकीकरण व त्याची किंमत : दक्षिणेत गोऱ्यांचे बहुमत असलेल्या शाळांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण १९६४ मध्ये, म्हणजे ब्राउन निर्णयानंतर दहा वर्षांनीही, केवळ २.३ टक्के होते. नागरी हक्क कायदा (१९६४) व शालेय शिक्षण कायदा (१९६५) यांमुळे विभाजन चालू ठेवणाऱ्या जिल्ह्यांचा संघराज्य निधी रोखता येऊ लागला, तेव्हा चित्र पालटले. न्यायालयाच्या १९६८, १९६९ व १९७१ च्या निर्णयांनी टाळाटाळीचे मार्ग बंद केले. १९६८ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्के आणि १९८८ मध्ये ४३.५ टक्के झाले. त्याच काळात सतरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत गोरे व कृष्णवर्णीय यांतील अंतर ५३ गुणांवरून (१९७१) २० गुणांवर (१९८८) आले. याचे श्रेय एकट्या एकीकरणाला देता येणार नाही, परंतु एकीकरण फसले असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांआड करू नयेत.

मात्र एकीकरण बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने झाले. कृष्णवर्णीयांची शाळा बंद होई, मुले गोऱ्यांच्या शाळेत पाठविली जात. शाळेचे नाव, बोधचिन्ह, भिंतीवरील थोरांच्या तसबिरी आणि क्रीडास्पर्धांतील करंडक अडगळीत जात. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतील व सीमेवरील राज्यांत सु. ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक यांची पदे गेली, असा अंदाज आहे. गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीय शिक्षिकेने शिकवावे हे पालकांना सहन होणारे नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातील हाइड परगण्यात १९६८-६९ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी आपल्या दोन शाळा बंद होऊ नयेत म्हणून वर्षभर मुलांना शाळेत पाठविले नाही. मिश्र शाळेला त्यांचा विरोध नव्हता. मिश्र शाळा आमच्या इमारतीतही भरू शकते, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि शेवटी ते मान्य झाले.

नव्या शाळेच्या आतही विभाजन निराळ्या रूपात आले. बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुले खालच्या तुकड्यांत किंवा मंदमतींच्या वर्गात घातली जात. वॉशिंग्टनमधील तुकडीपद्धती १९६७ मध्ये आणि कॅलिफोर्नियातील अशा चाचण्यांचा वापर १९७९ मध्ये न्यायालयांनी अवैध ठरविला. ॲन आर्बर येथील १९७९ च्या खटल्यात मुलांच्या घरच्या बोलीचा प्रश्न आला. ती बोली म्हणजे अशुद्ध इंग्रजी असे मानून शिक्षक मुलांना मंद ठरवीत. बोलीला स्वतःचे व्याकरण असते व शिक्षकांनी ते जाणून घेतले पाहिजे, असे न्यायाधीशांनी सांगितले. गावच्या बोलीवरून वर्गात हसे झालेल्या मराठी वाचकाला हा खटला परका वाटणार नाही. शिस्तीच्या बाबतीतही हेच दिसते. संघराज्याच्या २०११-१२ च्या पाहणीत पूर्वप्राथमिक वर्गांतील मुलांपैकी १८ टक्के कृष्णवर्णीय होती, पण एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्यांत त्यांचे प्रमाण ४८ टक्के होते. ही मुले चार वर्षांच्या आसपासची होती.

रेषेचा प्रश्न : उत्तरेत विभाजनाचा कायदा नव्हता, परंतु वस्त्या विभक्त होत्या आणि त्या आपोआप झालेल्या नव्हत्या. १९३० नंतरच्या दशकात संघराज्याच्या गृहकर्ज योजनांनी कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर तांबड्या रंगाने दाखवून कर्जास अपात्र ठरविल्या. गोरी कुटुंबे सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत गेली व त्यांच्याबरोबर करही गेला. डिट्रॉइट शहराच्या शाळांत कृष्णवर्णीय बहुसंख्य झाल्यावर केवळ शहरापुरती मुलांची अदलाबदल निरर्थक होती. म्हणून जिल्हा न्यायाधीशांनी ५३ उपनगरी शालेय जिल्हे योजनेत घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ही योजना २५ जुलै १९७४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. उपनगरांनी स्वतः विभाजन केल्याचे सिद्ध झालेले नाही, सबब त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा तो निर्णय होता. थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. वीस वर्षांपूर्वी स्वतः जिंकलेल्या खटल्याचा आशय निष्फळ होताना पाहून त्यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. बॉस्टनमध्ये त्याच वर्षी कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगडफेक झाली व तिचीच छायाचित्रे जगभर गेली. परिणामांच्या दृष्टीने डिट्रॉइटचा निर्णय त्याहून मोठा होता.

पैशाचा प्रश्न त्याआधीच्या वर्षी निकालात निघाला होता. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरातील एजवुड या शालेय जिल्ह्यात ९० टक्के मुले मेक्सिकन वंशाची व सहा टक्क्यांवर कृष्णवर्णीय होती. तेथे मालमत्तेवर दर शंभर डॉलरला १.०५ डॉलर असा महानगरातील सर्वांत चढा कर होता व त्यातून १९६७-६८ मध्ये मुलामागे २६ डॉलर मिळत. गोऱ्या, सधन अलामो हाइट्समध्ये ०.८५ डॉलर या कमी दराने मुलामागे ३३३ डॉलर मिळत. राज्य व संघराज्य यांची मदत धरूनही एकूण रकमा अनुक्रमे ३५६ व ५९४ डॉलर होत. जे अधिक कर भरीत त्यांनाच कमी शाळा मिळे. सर्वोच्च न्यायालयाने (१९७३) पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले, की शिक्षण हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि ही व्यवस्था संविधानबाह्य नाही. टेक्ससच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्यघटनेच्या आधारे ती अवैध ठरविली. तेव्हापासून अशा लढाया राज्याराज्यांत स्वतंत्रपणे लढल्या गेल्या आहेत. गोरेतरांचे बहुमत असलेल्या जिल्ह्यांना गोऱ्या जिल्ह्यांपेक्षा, मुलांची संख्या जवळपास सारखी असूनही, वर्षाला २,३०० कोटी डॉलर कमी मिळतात, असा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९९१, १९९२ व १९९५ च्या निर्णयांनी जिल्ह्यांना न्यायालयीन देखरेखीतून मुक्त होणे सुलभ केले. २००७ मध्ये शाळांतील मिश्रण टिकविण्यासाठी विद्यार्थ्याच्या वंशाचा विचार करण्याच्या सीॲटल व लुईव्हिल येथील ऐच्छिक योजनाही रद्द झाल्या. दक्षिणेत गोऱ्यांचे बहुमत असलेल्या शाळांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण २०११ मध्ये २३.२ टक्क्यांवर, म्हणजे १९६८ च्या पातळीवर आले. ॲलाबॅमातील गार्डनडेल या बहुसंख्य गोऱ्या उपनगराने जेफर्सन परगण्याच्या शालेय जिल्ह्यातून फुटून स्वतःचा जिल्हा काढण्याची परवानगी मागितली. या मागणीमागे वांशिक हेतू असल्याचे जिल्हा न्यायाधीशांनी २०१७ मध्ये नमूद केले आणि तरीही अंशतः परवानगी दिली. वरिष्ठ न्यायालयाने ती फेब्रुवारी २०१८ मध्ये काढून घेतली. १९६५ मध्ये दाखल झालेला जेफर्सन परगण्याचा मूळ खटला त्या वेळी अद्याप चालू असल्यानेच हा हस्तक्षेप शक्य झाला. ज्या परगण्यांत असे जुने खटले उरले नव्हते, तेथे यापूर्वीच अनेक नव्या रेषा आखल्या गेल्या होत्या.